फोर्ट मायर १९०८: प्रोपेलर फुटला हे खरं, पण विमान पाडलं कशाने?

घिरट्या

इंजिनाच्या विमानाच्या अपघातात जगात पहिला बळी गेला तो लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिजचा, आणि विमान चालवत होता ऑर्व्हिल राइट, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. कारण विचारलं की 'प्रोपेलर तुटला' म्हणून विषय मिटतो. अमेरिकी सैन्याच्या चौकशीतही निष्कर्ष तोच निघाला: प्रोपेलरचं पातं अचानक फुटलं, ताबा सुटला आणि यंत्र सुमारे ७५ फुटांवरून पडलं.

मला हे कारण अर्धवट वाटतं. पातं फुटल्याने माणूस मरायलाच हवा होता असं नाही. त्या यंत्राचं इंजिन बंद करून ते तरंगत उतरवणं हा राइट बंधूंचा नेहमीचा प्रकार होता. फुटलेलं पातं आणि सेल्फ्रिजचा मृत्यू यांच्या मधोमध एक तार आहे. त्या तारेवर बोलायला हा धागा.

आधी घटनाक्रम.

सैन्याच्या सिग्नल कोअरने, म्हणजे संदेशवहन दलाने, डिसेंबर १९०७ मध्ये विमानासाठी मागणीपत्रक काढलं. दोन माणसं मिळून ३५० पौंड वजन, १२५ मैलांना पुरेल इतकं इंधन, ताशी ४० मैल वेग, एक तास सलग उड्डाण. राइट बंधूंची किंमत २५,००० डॉलर. चाचण्या व्हर्जिनियातल्या फोर्ट मायरच्या परेड मैदानावर ठरल्या. मैदान आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीला लागून, नदीपलीकडे वॉशिंग्टन. विल्बर त्या वेळी फ्रान्समध्ये होता, त्यामुळे इथली जबाबदारी एकट्या ऑर्व्हिलची. मदतीला चार्ली टेलर आणि चार्ल्स फर्नास हे दोन मेकॅनिक.

३ सप्टेंबर १९०८ ला पहिलं उड्डाण झालं. ९ तारखेला ऑर्व्हिलने तासाची मर्यादा ओलांडली आणि त्याच संध्याकाळी लेफ्टनंट फ्रँक लाम यांना घेऊन ६ मिनिटं २४ सेकंद उडाला. १२ तारखेला मेजर जॉर्ज स्क्वायर, ९ मिनिटं ६ सेकंद. तिसरा प्रवासी सेल्फ्रिज, १७ तारखेला.

संध्याकाळी ५ वाजून १४ मिनिटांनी दोघे विमान उडवण्यासाठी मांडलेल्या रुळावरून सुटले. मैदानाला तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीत, शंभर-सव्वाशे फुटांवर असताना ऑर्व्हिलला मागून हलकी टकटक ऐकू आली. प्रोपेलर फिरवणारी साखळी निसटली असावी असं त्याला वाटलं. वळून पाहिलं तर काही दिसेना. तरी त्याने ठरवलं की उतरायला बरी दिशा मिळाली की इंजिन बंद करायचं. हा विचार पुरता होतो न होतो तोच दोन मोठे दणके बसले आणि सगळं यंत्र हादरलं. टकटक आणि दणके यांत दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ गेला नसावा, असं त्याने नोव्हेंबरात विल्बरला लिहिलं. विमान एकदम उजवीकडे वळलं. त्याने इंजिन बंद केलं. मग तरफा हलवतोय तर काही उपयोग नाही. उजवा पंख उंच उचलला जाऊन विमान डावीकडे फिरलं. ते थांबवायला त्याने तरफा उलट्या केल्या, आणि त्या क्षणी नाक खाली गेलं, जवळजवळ सरळ जमिनीकडे.

सेल्फ्रिजची कवटी तळाशी फुटली. शस्त्रक्रिया झाली, पण शुद्ध आलीच नाही. रात्री ८ वाजून १० मिनिटांनी तो गेला. ऑर्व्हिलची डावी मांडी मोडली, बरगड्या मोडल्या, खुब्याला मार बसला. पुढले सुमारे सात आठवडे तो तिथल्याच लष्करी इस्पितळात होता.

अवशेष पाहून आणि मेकॅनिकांनी इस्पितळात आणून दाखवलेले प्रोपेलरचे तुकडे तपासून ऑर्व्हिलने जोडलेली घटनांची साखळी अशी:

उजव्या प्रोपेलरच्या एका पात्याला लांबीच्या दिशेने चीर पडली. चिरलेलं पातं सपाट झालं, त्याचा रेटा गेला. दुसरं पातं मात्र पूर्ण रेटत राहिलं. एका बाजूला रेटा आणि दुसऱ्या बाजूला काही नाही, त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला दांडा हिसका खाऊ लागला. दांड्याला मागच्या टोकाशी धरणारी नळी त्या हिसक्यांनी सैल झाली. प्रोपेलर आपल्या नेहमीच्या जागेबाहेर डुलू लागला. मागच्या उभ्या सुकाणूला ताठ धरणाऱ्या वरच्या तारेला पातं लागलं. तार पात्याभोवती गुंडाळली जाऊन खोबणीतून उपटली गेली, पातंही तुटलं. आणि सुकाणू आडवं पडलं.

प्रोपेलर डुलू लागेपर्यंत दोघेही जिवंत उतरू शकले असते. तार उपटल्यावर नाही.

तिरपागडा

मांडणी छान, पण निष्कर्ष ओढूनताणून वाटतो. चीर पडलीच नसती तर तारेला कुणी हातही लावला नसता. पहिलं कारण तेच मूळ कारण. बाकी सगळे परिणाम.

नटबोल्ट

तिरपागडा साहेब, कोर्टात चालेल, कारखान्यात नाही. लाकडी पातं कधी ना कधी चिरणार, हे गृहीत धरूनच बाकीचं यंत्र बांधायचं असतं. प्रश्न असा विचारा की चिरल्यावर ते कशाला लागेल?

आता आकडे बघू. अपघाताच्या उड्डाणाला बसवलेले प्रोपेलर नवे होते, आधीच्या जोडीपेक्षा काही इंच लांब, व्यास ९ फुटांच्या आसपास. प्रोपेलर जितका लांब कराल त्याच्या निम्मं अंतर प्रत्येक टोकाशी कमी होतं. चार इंच वाढवला तर तार टोकाला दोन इंच जवळ आली. बाकी एकही गोष्ट न बदलता! तार तीच, दांडा तोच, आधार तेच. कामगिरी सुधारायला एक भाग बदलला आणि त्या भागाच्या शेजाऱ्यांचा हिशेब पुन्हा मांडला नाही, ही चूक आजही होते.

फेरे मिनिटाला चारशे धरा. ९ फूट म्हणजे २.७४ मीटर, परीघ ८.६ मीटर, टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ५७ मीटर. ताशी दोनशे किलोमीटरच्या वर. टोकापासून थोडं आत, म्हणजे मध्यापासून १.२ मीटरवर, प्रत्येक वस्तू आपल्या वजनाच्या सुमारे २१५ पट जोराने बाहेर ओढली जाते. तिथून १०० ग्रॅमची ढलपी उडाली तर दांड्याच्या टोकाला साडेएकवीस किलोचा असमतोल, तोही सेकंदाला पावणेसात वेळा दिशा बदलणारा. कपडे धुण्याच्या यंत्रात ओली चादर एका बाजूला गोळा झाल्यावर जे होतं तेच, फक्त इथे यंत्र पातळ नळ्यांवर लटकलेलं.

आणि एक बारकावा, धागाकर्त्यांनी लिहिलाय पण उलगडला नाही. दणक्यांनंतर विमान *उजवीकडे* वळलं. उजव्या प्रोपेलरचा रेटा गेला, डावा ढकलत राहिला, म्हणजे नाक उजवीकडेच जायला हवं. ऑर्व्हिलची साक्ष आणि अवशेष इथे एकमेकांना दुजोरा देतात. एका इंजिनावर साखळ्यांनी दोन प्रोपेलर फिरवण्याची हीच गोम आहे: एक बाजू गेली की दुसरी शत्रू होते. म्हणून इंजिन ताबडतोब बंद करणं हा एकच बरोबर उपाय होता, आणि तो त्याने केला.

सुतारपक्षी

लाकडाबद्दल लिहितो.

राइटांचे प्रोपेलर स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाचे. एकसंध ओंडक्यातून कोरलेले नव्हेत, तर तीन फळ्या एकमेकींवर सरसाने चिकटवून, मग कुऱ्हाडीने आणि दोहाती रंध्याने पीळ काढलेले. टोकांवर पातळ कापड चिकटवलेलं, म्हणजे टोक फाटू नये. हे सगळं योग्यच. स्प्रूस वजनाच्या मानाने ताठ, पण तंतूच्या आडव्या दिशेला दुबळा. प्रोपेलरच्या पात्यात मुख्य ओढ लांबीच्या दिशेने असते, तिथे लाकूड भक्कम. पण पात्याला पीळ असतो आणि हवेचा दाब पातं उलगडायला बघतो, तो जोर तंतूंना एकमेकांपासून सोडवणारा. म्हणून लाकडी पातं मोडताना बहुधा मधोमध कडकन मोडत नाही, लांबीने उकलतं. फोर्ट मायरला तेच झालं.

विमानविद्येचे जुने जाणकार ऑक्टेव्ह शानूट त्या दिवसांत तिथे होते. तुकडे पाहून त्यांचं मत पडलं की लाकूड ठिसूळ आहे, प्रमाणाबाहेर सुकलेलं किंवा भट्टीत सुकवलेलं. हे मला पटण्यासारखं आहे. प्रोपेलरच्या लाकडात साधारण ८ ते १२ टक्के ओल हवी. त्याखाली गेलं की ताठपणा वाढतो, पण तडा पुढे न सरकू देण्याची ताकद घटते. घाईने भट्टीत सुकवलं तर पृष्ठभाग आधी आकसतो, आतला गाभा नंतर, आणि डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक भेगा आधीच तयार होऊन बसतात. रंग दिल्यावर तर दिसायचा प्रश्नच नाही.

आज लाकडी प्रोपेलर वापरणारे काय तपासतात ते ओघात सांगून टाकतो, कारण त्यातली अर्धी कलमं थेट या अपघाताला लागू होतात:

दोन्ही पात्यांची टोकं एकाच स्थिर खुणेजवळून फिरवून बघायची. अंतरात ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. मग मधल्या भोकातून दांडा घालून तो धारेवर ठेवायचा आणि कुठलं पातं खाली झुकतं ते पाहायचं. हलक्या पात्याला वार्निशचा जादा हात द्यायचा, जड पातं घासायचं नाही. टोकावर धातूचा पत्रा असेल तर त्याला बारीक भोकं हवीत, नाहीतर आत शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही आणि टोक जड होतं. मध्यावरचे बोल्ट ऋतू बदलला की पुन्हा कसायचे, कारण लाकूड आकसतं आणि काल घट्ट असलेला बोल्ट आज सैल असतो. आणि नवा प्रोपेलर बसवला की पहिल्या थोड्या वेळानंतर उतरवून पुन्हा सगळं बघायचं. सेल्फ्रिजला घेऊन उडण्याआधी नव्या जोडीला असा वेळ मिळाला नाही.

तिरपागडा

सुतारपक्षी यांचा प्रतिसाद माझ्याच बाजूचा झाला की! लाकूड खराब, म्हणून पातं फुटलं, म्हणून अपघात.

घिरट्या

नाही हो. लाकूड खराब होतं, मान्य. तेच पातं तार दूर असती तर फुटून मैदानात पडलं असतं, विमान उजवीकडे वळलं असतं, इंजिन बंद करून ऑर्व्हिल खाली उतरला असता आणि टेलरने दुसऱ्या दिवशी नवी जोडी बसवली असती. आपण सगळे सेल्फ्रिजचं नाव विसरलो असतो.

अल्याडपल्याड

सेल्फ्रिजचं वजन हे कारण होतं असंही वाचलंय. १७५ पौंड, तोवरचा सगळ्यात जड प्रवासी. शिवाय तो ग्रॅहॅम बेलच्या गटातला, म्हणजे स्पर्धक. काही ठिकाणी तर त्याने मुद्दाम काहीतरी हाताळलं अशी कुजबुजही दिसते.

दुर्बीणवाला

अल्याडपल्याड, दोन्ही बाजूला सारा.

वजन: मागणीपत्रकातच दोघांचे मिळून ३५० पौंड. ऑर्व्हिल दीडशे पौंडांच्या आतला, सेल्फ्रिज १७५. बेरीज मर्यादेत. आणि बैठकीची रचना बघा: ऑर्व्हिल डावीकडे, इंजिन उजवीकडे, प्रवासी बरोबर मधोमध. प्रवासी असो नसो, डावा-उजवा तोल बदलू नये म्हणूनच ती जागा मध्यात. जादा वजनाने चढायला वेळ लागेल, इंजिनाला ताण पडेल, पण त्याने पातं उकलत नाही.

स्पर्धक: हे खरं आहे की सेल्फ्रिज बेल, ग्लेन कर्टिस, मॅकर्डी आणि बाल्डविन यांच्या संस्थेचा चिटणीस होता. त्यांचं 'रेड विंग' विमान त्याच्या आराखड्यावर बनलं आणि मे १९०८ मध्ये हॅमंड्सपोर्टला 'व्हाइट विंग' त्याने स्वतः उडवलं. ऑर्व्हिलचा त्याच्यावर काडीचा भरवसा नव्हता, जेवणाच्या पंगतीत तो माहिती काढून घेतो असं भावाला लिहिलेलं आहे. पण तो चाचण्यांवर देखरेख करणाऱ्या मंडळाचा सदस्य होता, त्याला नाही म्हणणं शक्य नव्हतं. हाताळण्याचं म्हणाल तर त्याच ऑर्व्हिलचं वर्णन आहे: पातं तुटल्यावर सेल्फ्रिजने पटकन मागे पाहिलं, एकदोनदा ऑर्व्हिलच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि नाक खाली गेल्यावर जेमतेम ऐकू येईल असं 'ओ! ओ!' म्हणाला. एवढंच. ज्याच्यावर विश्वास नव्हता त्याच्याविषयी ऑर्व्हिल एक वावगा शब्द लिहीत नाही. कुजबुज तिथेच संपते.

कंदील

मला शेपटीचं नीट समजलं नाही. मागचं सुकाणू उभं असतं, डावं-उजवं वळवायला. ते पडलं तर वळता येणार नाही, हे ठीक. पण नाक खाली कसं गेलं? नाक वर-खाली करणारं आडवं सुकाणू तर राइटांच्या विमानात *पुढे* होतं ना, आणि ते शाबूत होतं?

नटबोल्ट

कंदील, याच प्रश्नात सगळं आहे.

मागचं सुकाणू म्हणजे जोडीने उभे असलेले दोन पडदे. तार गेल्यावर ते नुसते सैल झाले नाहीत, कलंडून आडवे पडले. उभा पडदा आडवा झाला की तो शेपटीचा पंख बनतो. खालून हवा लागली की शेपूट वर उचलतो. शेपूट वर म्हणजे नाक खाली. आणि हा जोर काम करतो विमानाच्या मध्यापासून कितीतरी मागे, लांब तरफेच्या टोकाला.

पुढचं आडवं सुकाणू शाबूत होतं हे बरोबर. ऑर्व्हिलने तरफ शेवटपर्यंत ओढली. काही फरक नाही. कुठे अडकलं असेल म्हणून थोडी सोडून पुन्हा ओढली. मग डोळ्यांनी पाहिलं, तर ते खरोखरच पूर्ण वाकलेलं होतं. म्हणजे आज्ञा पोचत होती, पण मागच्या आडव्या पडद्याचा जोर वरचढ ठरत होता.

त्यात हे यंत्र मुळातच नाक-शेपटीच्या बाबतीत अस्थिर. सोडून दिलं तर आपणहून सरळ होणारं नव्हे, सतत हाताने सावरत राहावं लागणारं. राइटांनी ते तसं जाणूनबुजून ठेवलं होतं आणि त्यांचा हात त्यावर बसलेला होता. पण हात बसण्याचा उपयोग सुकाणूत जोर उरला असेल तोवर.

डावीकडे फिरण्याचंही ऐका. पंख पिळून एक बाजू उचलायची, ही त्यांची पद्धत. जो पंख उचलतो त्याला हवा जास्त अडवते, त्यामुळे नाक उलट दिशेला ओढलं जातं. १९०२ च्या ग्लायडरवर हीच अडचण आली, म्हणून त्यांनी मागचं सुकाणू हलतं केलं. फोर्ट मायरला ते सुकाणूच गेलं. पंख पिळणं चालू, पण त्याचा दुष्परिणाम आवरणारा कुणी नाही. तरफा हलवूनही विमान ऐकत नव्हतं, त्याची ही तांत्रिक बाजू असावी असं मला वाटतं.

कंदील

आता लख्ख समजलं, धन्यवाद! शेवटी ते सरळ होऊ लागलं होतं म्हणतात, ते खरं का?

नटबोल्ट

ऑर्व्हिल तसं लिहितो. पहिल्या पन्नास फुटांत दिशा पाच-दहा अंशांपेक्षा जास्त बदलली नाही. जमीन पंचवीसेक फुटांवर आली तेव्हा नाक झपाट्याने वर येऊ लागलं. अजून थोडे फूट मिळाले असते तर सुखरूप टेकलो असतो, असं त्याचं मत.

गणितात बसतं. वेग ताशी ४० मैल म्हणजे सेकंदाला १८ मीटर, पन्नास फूट म्हणजे १५ मीटर, वेळ जेमतेम सेकंदभर. त्याने स्वतःही अंदाज सेकंदाचाच केलाय, जरी ते अर्ध्या मिनिटासारखं वाटलं असं तो म्हणतो. खाली झेपावताना वेग वाढतो आणि सुकाणूचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. पुढचं सुकाणू आधीच पूर्ण वाकवून धरलेलं, त्यामुळे वेग वाढल्यावर ते वरचढ झालं असेल. किंवा मागचे सैल पडदे वाऱ्याने पुन्हा फिरले असतील. कसंही असो, दोनशे फुटांवर असते तर गोष्ट वेगळी होती.

दुर्बीणवाला

आणि डोकं. सेल्फ्रिज उघड्या डोक्याने बसला होता, कमरेला पट्टा नाही. आपटल्यावर पुढे फेकला गेला आणि कपाळ सांगाड्याच्या लाकडी खांबावर आदळलं. ऑर्व्हिल त्याच यंत्रात, हातभर अंतरावर, त्याच आघातात वाचला. म्हणजे आघात स्वतः प्राणघातक नव्हता, आदळण्याची जागा होती. पुढे सैन्याच्या सुरुवातीच्या वैमानिकांना अमेरिकी फुटबॉलच्या टोपीसारखी जाड शिरस्त्राणं दिली गेली.

धाग्यातल्या तारेच्या यादीत हा खांबही जोडा.

घिरट्या

जोडला.

सुतारपक्षी

शेपटीने दगा दिलेले त्या काळचे आणखी दोन अपघात आठवले. पर्सी पिल्चर, ३० सप्टेंबर १८९९, स्टॅनफर्ड हॉल, इंग्लंड. इंजिन नसलेलं ग्लायडर, आदल्या पावसाने भिजलेलं. हवेत शेपटीचा भाग मोडला, दोन दिवसांनी तो गेला. दुसरे चार्ल्स रोल्स, रोल्स-रॉइसवाले, १२ जुलै १९१०, बोर्नमथ. फ्रान्समध्ये बनलेलं राइट विमान, त्याला मागे नव्याने जोडलेला आडवा भाग हवेत मोडला. तिथेही तेच: मूळ रचनेत एक नवा भाग जोडला, आणि नव्या भागामुळे शेजाऱ्यांवर काय ताण येईल हे पाहिलं गेलं नाही.

अल्याडपल्याड

मागून ढकलणारा प्रोपेलर आणि त्याच्या आसपास शेपटीचा सांगाडा, ही रचनाच वाईट म्हणायची का मग?

नटबोल्ट

वाईट नाही, पण तिचं एक कायमचं कर्ज आहे. पुढे मोकळी नजर मिळते, पहिल्या महायुद्धात मशीनगन समोर झाडता येते म्हणून डीएच-२ आणि एफई-२बी ही ब्रिटिश विमानं अशीच होती. कर्ज असं की मागे जे काही सुटेल ते प्रोपेलरमधून जातं, आणि प्रोपेलरमधून जे उडेल ते शेपटीच्या काठ्यांवर. डीएच-२ मध्ये फिरत्या इंजिनाचा एखादा सिलिंडर निखळून शेपटीच्या काठ्या छाटल्या गेल्याची प्रकरणं आहेत. १९०८ च्या तारेचंच हे मोठं भावंड.

प्रोपेलर नाकावर गेला आणि शेपटीला बंद धड मिळालं तेव्हा हा हिशेब सुटला. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून जुहूला उतरले ते पुस मॉथ विमान तसंच. त्याचे स्वतःचे दोष होतेच. त्या जातीची बरीच विमानं हवेत पंख मोडून पडली, शेवटी पंखाच्या टेकूला एक छोटी जादा काठी देऊन ते थांबवलं. तो वेगळा धागा होईल, इथे नको.

तिरपागडा

बरं, हार मानतो. निदान तीन चतुर्थांश. चौकशीने मग तारेबद्दल काहीच कसं म्हटलं नाही?

दुर्बीणवाला

तार माहीत होती, लपवलं काही नाही. लाम यांनी अवशेष बारकाईने तपासले होते. पण मंडळाला उत्तर हवं होतं ते कराराच्या प्रश्नाचं: दोष चालकाचा, की रचनेचा, की अपघाती? 'पातं अचानक फुटलं आणि ताबा जाणं अटळ होतं' या वाक्याने राइटांचा करार वाचला. मुदत वाढवून मिळाली. रचनेत दोष म्हटलं असतं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

ऑर्व्हिल जून १९०९ मध्ये परतला, या वेळी विल्बर सोबत. नवं यंत्र, पंखांचा विस्तार ४१ फुटांऐवजी साडेछत्तीस, इंजिन मात्र जुनंच, अपघातातून वाचलेलं. २७ जुलैला लाम यांना घेऊन तासापेक्षा जास्त उड्डाण. ३० जुलैला लेफ्टनंट फुलुआ यांना घेऊन अलेक्झांड्रियापर्यंत जाऊन-येऊन दहा मैल, सरासरी वेग ताशी ४२.५ मैल. करारात ४० च्या वरच्या प्रत्येक पूर्ण मैलाला दहा टक्के बक्षीस होतं. दोन मैल, म्हणजे ५,००० डॉलर जादा, एकूण ३०,०००. २ ऑगस्टला सैन्याने विमान ताब्यात घेतलं. आज ते वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

कंदील

सेल्फ्रिज आर्लिंग्टनलाच पुरलाय का?

दुर्बीणवाला

हो, विमान पडलं तिथून जवळच. मिशिगनमधला सेल्फ्रिजचा हवाई तळ याच्याच नावाचा, १९१७ पासून.